दूरचित्रवाणीवरील अर्थपत्रकारिता : काम, तयारी आणि वाटचाल

दूरचित्रवाणीवरील अर्थपत्रकार शेअर बाजार, कंपन्या, बँका, सरकारी धोरणे, महागाई आणि व्याजदर यांच्या बातम्या मिळवतो, त्यांचा अर्थ लावतो आणि बहुतेक वेळा बाजार चालू असतानाच त्या प्रेक्षकांपुढे मांडतो. या बातमीदारीचे वेगळेपण प्रेक्षकात आहे. राजकीय बातमी ऐकणारा मत बनवतो. बाजाराची बातमी ऐकणारा पुढच्या मिनिटाला शेअर विकतो, ठेव मोडतो किंवा कर्जाचा निर्णय घेतो. चुकलेल्या आकड्याची किंमत त्याच दिवशी कोणाच्या तरी खिशातून जाते. या व्यवसायातील सगळे नियम, सवयी आणि पथ्ये या एकाच गोष्टीमुळे तयार झाली आहेत.

क्षेत्राची घडण

अमेरिकेत सार्वजनिक दूरचित्रवाणीवर १९७० मध्ये लुईस रुकेझर यांचा ‘वॉल स्ट्रीट वीक’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि गुंतवणुकीची चर्चा घराघरांत पोहोचली. १९८९ मध्ये सीएनबीसी ही पूर्णपणे अर्थविषयक वाहिनी आली. याच वाहिनीच्या मारिया बार्टिरोमो १९९५ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या दालनात, सौद्यांच्या गर्दीत उभ्या राहून रोज थेट वार्तांकन करू लागल्या. बाजारातून थेट बोलणारा वार्ताहर हे आज सर्वत्र दिसणारे दृश्य तिथून रूढ झाले.

भारतात हे क्षेत्र १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर उभे राहिले. १९९२ मध्ये बाजार नियामक सेबीला कायदेशीर अधिकार मिळाले आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावरून शेअरचे व्यवहार सुरू झाले. आरडाओरड करून होणारे सौदे संपत गेले, आणि मुंबईतला भाव त्याच क्षणी देशात कुठेही दिसू लागला. पडद्याच्या तळाशी सरकणारी भावांची पट्टी याशिवाय शक्य नव्हती. १९९९ च्या अखेरीस टीव्ही१८ आणि सीएनबीसी यांची भागीदारीतील वाहिनी सुरू झाली. तीच आजची सीएनबीसी-टीव्ही१८. २००४-०५ मध्ये झी बिझनेस, सीएनबीसी आवाज आणि एनडीटीव्ही प्रॉफिट आल्या, तर २००९ मध्ये ईटी नाऊ. पुढे गुजरातीत सीएनबीसी बाजार सुरू झाली. मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या २००७ पासून आल्या आणि अर्थविषयक बातम्यांना त्यांच्या बातमीपत्रांत व विशेष कार्यक्रमांत जागा मिळाली.

या व्यवसायाचे भारतातील केंद्र मुंबई आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेला मुंबई शेअर बाजार दलाल स्ट्रीटवर आहे, रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय फोर्टात आहे, तर राष्ट्रीय शेअर बाजार आणि सेबी वांद्रे-कुर्ला संकुलात. मोठ्या बँका आणि म्युच्युअल फंड कंपन्यांची मुख्यालयेही बहुतांशी याच शहरात आहेत. अर्थ मंत्रालय, करविषयक निर्णय आणि संसदेचे वार्तांकन दिल्लीहून होते. त्यामुळे प्रत्येक अर्थवाहिनीला या दोन्ही शहरांत मजबूत पथक ठेवावे लागते.

कामाचा दिवस

अमेरिकेचा बाजार भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात रात्री दीड वाजता आणि हिवाळ्यात अडीच वाजता बंद होतो. त्यामुळे सकाळच्या पाळीतील पत्रकाराचे काम उजाडण्यापूर्वीच सुरू होते. अमेरिकी निर्देशांक कुठे थांबले, जपान आणि हाँगकाँगचे बाजार कसे उघडत आहेत, खनिज तेलाचा भाव काय, डॉलरपुढे रुपया कुठे आहे, गिफ्ट निफ्टी काय सुचवतो, हे सगळे पहाटेच टिपून घ्यावे लागते. सोबतच आदल्या संध्याकाळी उशिरा कंपन्यांनी शेअर बाजारांना पाठवलेल्या सूचना वाचायच्या असतात. अडचणीची किंवा न रुचणारी माहिती अनेक कंपन्या नेमक्या त्याच वेळी जाहीर करतात.

यानंतर संपादकीय बैठक होते. दिवसभरात कोणत्या शेअरमध्ये हालचाल अपेक्षित आहे, कोणत्या कंपन्यांचे निकाल आहेत, कोणता पाहुणा कोणत्या विषयावर बोलेल आणि कोणता वार्ताहर कुठे जाईल हे तिथे ठरते. नऊ वाजता बाजाराचे पूर्वसत्र सुरू होते, सव्वानऊला प्रत्यक्ष व्यवहार, आणि ते साडेतीनपर्यंत चालतात. या सव्वासहा तासांत निवेदकाच्या कानातल्या यंत्रातून नियंत्रण कक्षातील निर्माता सतत सूचना देत असतो. समोर पाहुणा उत्तर देत असतो, बाजूच्या पडद्यावर भाव हलत असतात आणि तेवढ्यात एखाद्या कंपनीचा निकाल येऊन धडकतो. ऐकणे, वाचणे आणि बोलणे ही तिन्ही कामे एका वेळी करण्याची सवय इथे लागते.

बाजार बंद झाल्यावर दुसरे काम सुरू होते. कंपनीचे अधिकारी विश्लेषकांशी दूरध्वनीवर बोलतात ती बैठक ऐकणे, वार्षिक अहवाल चाळणे, सूत्रांना भेटणे, दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीची तयारी करणे. पडद्यावर दिसणारी दहा मिनिटांची सफाई या न दिसणाऱ्या तासांत घडते.

वर्षाचेही एक वेळापत्रक असते. तिमाही संपल्यावर कंपन्यांना ४५ दिवसांत निकाल जाहीर करावे लागतात, त्यामुळे जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या मध्यापासून निकालांचा हंगाम सुरू होतो. वार्षिक निकालांना ६० दिवसांची मुदत असल्याने एप्रिल आणि मे हे दोन महिने भरगच्च जातात. रिझर्व्ह बँकेची सहा सदस्यांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी व्याजदर ठरवते. केंद्रीय अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो. लोकसभा निवडणुकीच्या वर्षात त्या दिवशी अंतरिम अर्थसंकल्प येतो आणि पूर्ण अर्थसंकल्प नव्या सरकारकडून नंतर मांडला जातो. या दिवसांत रजा मिळत नाही, आणि कोणी मागतही नाही.

आकडा वाचण्याची शिस्त

अर्थपत्रकाराचे खरे कौशल्य आकडा योग्य जागी ठेवण्यात आहे. निर्देशांकाची घसरण हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण. २३ मार्च २०२० रोजी टाळेबंदीच्या धास्तीने मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी कोसळला. ४ जून २०२४ रोजी लोकसभा निकालाच्या दिवशी तो ४,३९० अंकांनी घसरला. अंकांत पाहिले तर दुसरी घसरण मोठी दिसते. टक्क्यांत मात्र पहिली घसरण १३ टक्क्यांहून अधिक होती आणि दुसरी पावणेसहा टक्क्यांच्या आसपास, कारण चार वर्षांत सेन्सेक्सच अडीच पटींहून अधिक झाला होता. ‘आजवरची सर्वांत मोठी घसरण’ असा मथळा अंकांवरून देणारा वार्ताहर खोटे बोलत नाही, तरीही तो प्रेक्षकाला घाबरवून चुकीच्या निर्णयाकडे ढकलतो. म्हणून अंकांसोबत टक्के सांगणे हा या कामातील पहिला नियम आहे.

कंपनीचा निकाल वाचताना हीच कसोटी लागते. समजा, एका कंपनीची तिमाही विक्री १,००० कोटींवरून १,०४० कोटी रुपये झाली आणि निव्वळ नफा ८० कोटींवरून १२० कोटी. घाईतला वार्ताहर ‘नफ्यात ५० टक्के वाढ’ अशी पट्टी चालवेल. मुरलेला वार्ताहर आधी पाहील, की विक्री अवघी ४ टक्के वाढली असताना नफा एवढा कसा वाढला. निकालाच्या तळटिपेत त्याला दिसेल, की जमीन विकून कर वजा जाता ६० कोटी रुपये आले आहेत. ते बाजूला काढले तर नेहमीच्या धंद्यातला नफा ६० कोटी उरतो, म्हणजे प्रत्यक्षात २५ टक्के घट. एकाच कागदातून दोन परस्परविरुद्ध बातम्या निघू शकतात, आणि दोहोंमधले अंतर एका तळटिपेचे असते. बाजाराच्या वेळेत संपलेल्या संचालक मंडळाच्या बैठकीचा निर्णय कंपनीला ३० मिनिटांत शेअर बाजाराला कळवावा लागतो. तो आल्यानंतर पत्रकाराच्या हाती जेमतेम एक-दोन मिनिटे असतात. म्हणून कोणती ओळ आधी पाहायची हे त्याला पाठ असावे लागते: विक्री, खर्च, कामकाजातील नफ्याचे प्रमाण, इतर उत्पन्न, अपवादात्मक बाबी, आणि मग निव्वळ नफा. तुलना मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी आहे की लगतच्या तिमाहीशी, हेही प्रत्येक वेळी सांगावे लागते. फटाके किंवा दागिने विकणाऱ्या कंपनीची दिवाळीच्या तिमाहीशी पावसाळ्याच्या तिमाहीची तुलना केली तर काहीच हाती लागत नाही.

धोरणाची बातमी सांगताना आकडा प्रेक्षकाच्या घरापर्यंत न्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर आणला. केवळ ‘पाव टक्का कपात’ एवढ्याने कर्जदाराला काही कळत नाही. ३० लाखांचे, २० वर्षांचे गृहकर्ज ८.७५ टक्क्यांऐवजी ८.५० टक्क्यांनी मिळाले तर मासिक हप्ता साधारण ४७५ रुपयांनी कमी होतो, असे सांगितले की बातमी पोहोचते. त्यापुढची ओळही सांगायला हवी: बँका अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, त्यामुळे कर्जदाराने आपल्या बँकेकडे चौकशी करावी.

अर्थसंकल्पाच्या दिवशी भाषण संपले की खरे वाचन सुरू होते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घर-जमिनीच्या विक्रीवरील नफा मोजताना महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत काढून घेण्यात आली. हा तपशील भाषणातून नव्हे, तर सोबतच्या कागदपत्रांतून बाहेर आला आणि दुपारनंतर तीच मोठी बातमी झाली. ऑगस्टमध्ये सरकारने त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तांसाठी जुन्या पद्धतीने कर भरण्याचा पर्याय खुला ठेवला. वित्त विधेयक आणि त्याचे स्पष्टीकरणात्मक टिपण वाचता येणे ही अर्थपत्रकाराची मूलभूत पात्रता आहे.

विषयक्षेत्र आणि सूत्रे

नवा वार्ताहर काही काळाने एक विषयक्षेत्र घेतो: बँकिंग, वाहन उद्योग, औषधे, तेल आणि वायू, स्थावर मालमत्ता, म्युच्युअल फंड, शेतमाल, नवउद्योग किंवा करधोरण. क्षेत्र निवडल्यावर किमान दोन-तीन वर्षे त्यात राहणे हिताचे असते. त्या काळात कंपन्यांची जुनी आश्वासने लक्षात राहतात, आणि मुलाखतीत ‘गेल्या वर्षी आपण अमुक सांगितले होते, त्याचे काय झाले’ हा प्रश्न विचारता येतो. मुलाखतीचा दर्जा या एका प्रश्नाने ठरतो.

सूत्रे केवळ अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमध्ये नसतात. वितरक, माजी कर्मचारी, लेखापाल, वकील, कामगार संघटनांचे पदाधिकारी आणि ग्राहक यांच्याकडून कंपनीची खरी स्थिती आधी कळते. १९९२ चा रोखे घोटाळा सुचेता दलाल यांनी वृत्तपत्रातून उघड केला तो बँकांच्या व्यवहारांत आणि नोंदींत खोल शिरून. दूरचित्रवाणीच्या पत्रकारालाही हाच रस्ता आहे. कॅमेऱ्यापुढे बोलायला तयार असलेल्या माणसापेक्षा कागद अधिक बोलतो.

महाराष्ट्रातील पत्रकारासाठी काही विषय घरचे आहेत. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव पडला की त्यामागे निर्यात धोरण आहे की वाढलेली आवक, हे तिथल्या लिलावात उभे राहूनच नीट कळते. साखर कारखान्यांची उसाची थकीत देणी, नागरी सहकारी बँकांचे ताळेबंद, पुणे-चाकणचे वाहन उद्योग हे विषयही असेच. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. रडणाऱ्या खातेदारांची दृश्ये सर्वत्र दिसली. त्या वेळी ठेवीवरील विम्याची मर्यादा एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. विमा किती, तो केव्हा मिळतो आणि त्यासाठी काय करायचे, हे खातेदाराला त्याच्या भाषेत सांगणे हे अशा वेळी पत्रकाराचे पहिले कर्तव्य असते. मराठी वृत्तवाहिन्यांत असा जाणकार वार्ताहर ही मोठी गरज आहे.

पडद्यावरील कौशल्ये

दूरचित्रवाणीत ज्ञान आवाजातून आणि चेहऱ्यातून पोहोचते. वाक्ये लहान असावीत आणि एका वाक्यात एकच आकडा असावा. ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. १,०४७.६ कोटी असे न म्हणता ‘सुमारे एक हजार पन्नास कोटी’ म्हणावे आणि नेमका आकडा पडद्यावरील तक्त्यात द्यावा. लाख आणि कोटी, दशलक्ष आणि अब्ज यांची सरमिसळ टाळावी. डॉलरमधला आकडा रुपयांत सांगताना शून्ये दोनदा मोजावीत.

मुलाखत घेताना पाहुण्याचे उत्तर ऐकणे हे प्रश्नांच्या यादीपेक्षा महत्त्वाचे असते. कंपनीप्रमुख सराईतपणे विषय बदलतात, तेव्हा तोच प्रश्न शांत स्वरात पुन्हा विचारावा लागतो. आवाज चढवण्याची गरज नसते. हातात ताळेबंद असला की आवाज आपोआप ठाम राहतो. बाजार कोसळत असताना निवेदकाने स्वतःचा सूर स्थिर ठेवणे हीसुद्धा प्रेक्षकाची सेवाच आहे.

पथ्ये आणि कायदा

अर्थपत्रकाराला बातमी इतरांच्या आधी कळते, आणि मोहही तिथेच असतो. अंतर्गत माहितीच्या आधारे होणाऱ्या व्यवहारांना सेबीच्या २०१५ च्या नियमांनी बंदी आहे, आणि ही बंदी अशी माहिती हाती आलेल्या पत्रकारालाही लागू होते. जाणकार म्हणून शेअरची शिफारस करणाऱ्यांसाठी संशोधन विश्लेषकांबाबतचे २०१४ चे नियम आहेत. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकावर कारवाई केली. कार्यक्रमात शिफारस होण्यापूर्वी त्याच्या कुटुंबीयांच्या खात्यांत ते शेअर घेतले जात आणि प्रसारणानंतर विकले जात, असा आरोप होता. २०२४ मध्ये एका वाहिनीवरील पाहुण्या तज्ज्ञांबाबतही सेबीने अशाच स्वरूपाचा आदेश दिला.

यातून पुढील पथ्ये निघतात. स्वतःचे आणि जवळच्या कुटुंबीयांचे गुंतवणुकीचे तपशील संस्थेला द्यावेत. ज्या क्षेत्राचे वार्तांकन करतो त्यातील शेअरची खरेदी-विक्री टाळावी. बचत म्युच्युअल फंडांत किंवा निर्देशांकावर आधारित योजनांत ठेवणे सुरक्षित. कंपन्यांच्या भेटवस्तू आणि खासगी सहली नाकाराव्यात. पाहुण्याने शिफारस केली तर त्याचा त्यात हितसंबंध आहे का, हे प्रेक्षकांसमोर विचारावे. जाहिरातदार कंपनीची वाईट बातमी दाबण्याचा दबाव आला तर कागद संपादकांपुढे ठेवावा. चूक झाली तर ती पडद्यावर, त्याच ठिकाणी, तातडीने दुरुस्त करावी.

शिक्षण आणि प्रवेश

या व्यवसायात येण्यासाठी ठरावीक एकच पदवी लागत नाही. भारतात निवडणुका आणि अर्थसंकल्पाचे विश्लेषण दूरचित्रवाणीवर लोकप्रिय करणारे प्रणय रॉय सनदी लेखापाल आणि अर्थशास्त्रज्ञ आहेत. सीएनबीसी-टीव्ही१८ च्या व्यवस्थापकीय संपादक झालेल्या शिरीन भान यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन पुणे विद्यापीठात संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. एकाने आकड्यांकडून माध्यमाकडे यावे, दुसऱ्याने माध्यमाकडून आकड्यांकडे. दोन्ही वाटा खुल्या आहेत.

पत्रकारितेच्या शिक्षणासाठी पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, दिल्लीचे भारतीय जनसंचार संस्थान आणि चेन्नईचे एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम ही परिचित केंद्रे आहेत. अर्थशास्त्राची बैठक पक्की करायची असेल तर पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. सेबीने स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या, म्हणजे एनआयएसएमच्या, प्रमाणपत्र परीक्षा नोकरी सांभाळूनही देता येतात.

इच्छुकाने शिक्षण चालू असतानाच पुढील सराव सुरू करावा. रोज एका कंपनीचा निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि त्यावर सहा ओळींची बातमी लिहावी. ती मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे नव्वद सेकंदांत सांगावी आणि स्वतःच पाहावी. दरवर्षी एक वार्षिक अहवाल लेखापरीक्षकाच्या अहवालासह आणि तळटिपांसह संपूर्ण वाचावा. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण निवेदन आणि आर्थिक पाहणी अहवाल मुळातून वाचावेत. इंग्रजीतील मूळ कागद वाचून तो सोप्या मराठीत सांगण्याचा सराव करणाऱ्याला इंग्रजी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांतील वाहिन्यांत काम मिळू शकते.

वाटचाल आणि पुढचे पर्याय

सुरुवात बहुधा प्रशिक्षणार्थी म्हणून वृत्तकक्षात होते. पट्टी लिहिणे, तक्ते तपासणे, पाहुण्यांच्या वेळा जुळवणे ही कामे कमी प्रतीची समजू नयेत; आकड्यांची चूक पकडण्याची सवय तिथेच लागते. पुढे वार्ताहर, वरिष्ठ वार्ताहर, विषयप्रमुख आणि संपादक अशा पायऱ्या येतात. निवेदन हे पत्रकारितेचे शिखर आहे असे मानून पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लागणाऱ्याचे ज्ञान उथळ राहण्याचा धोका असतो. काही वर्षे प्रत्यक्ष वार्तांकन केलेला निवेदक अडचणीच्या क्षणी टिकतो.

हे क्षेत्र स्थिर नाही, हे आधीच जाणून घ्यावे. एनडीटीव्ही प्रॉफिट २०१७ मध्ये बंद झाली आणि २०२३ मध्ये नव्या मालकीत पुन्हा सुरू झाली. बीटीव्हीआय ही अर्थवाहिनी २०१९ मध्ये बंद पडली. वाहिनी बदलली, मालक बदलला तरी पत्रकाराजवळ त्याचे विषयज्ञान, त्याची सूत्रे आणि त्याचे नाव राहते. पहाटेच्या पाळ्यांमुळे झोप, जेवण आणि घरच्यांसोबतचा वेळ यांची घडी बिघडते. ती जाणीवपूर्वक बसवावी लागते. अनुभवी पत्रकारांना पुढे संशोधन, कंपन्यांचा जनसंपर्क, गुंतवणूकदार साक्षरतेचे काम, अध्यापन, लेखन आणि स्वतंत्र डिजिटल माध्यम हे पर्याय असतात. कंपनीच्या नोकरीत गेल्यावर मात्र पत्रकार म्हणून बोलणे थांबवावे, हा संकेत पाळायला हवा.

या व्यवसायात येणाऱ्याने चेहऱ्याची ओळख आणि वेगाचे आकर्षण यांच्याआधी एका गोष्टीची तयारी ठेवावी. निवृत्तीचे पैसे बाजारात ठेवणारा शिक्षक आणि सहकारी बँकेत ठेव असणारी गृहिणी त्याच्या शब्दावर विसंबणार आहेत. त्यामुळे आकडा समजला नसेल तर तो सांगू नये, आणि समजला असेल तर कोणाच्याही दबावाखाली लपवू नये.